बिनगाण्याचा ठोका

"मशीन नको," बब्रुवान म्हणाला, "मोळीच्या दिवशी तू हलगी घिऊन ये."

पिराजीच्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती, ती अंगठ्याला लागली. त्याने अंगठा तोंडात घातला आणि वर बघितलं. मुरूमच्या बाजारपेठेतल्या त्याच्या बोळकांडीएवढ्या दुकानात बब्रुवान नारळ घेऊन उभा होता आणि हसत होता. सावरखेडीच्या शाळेत दोघे एका वर्गात होते तेव्हाही तो असाच हसायचा, दुसऱ्याची पाटी फुटली तरीसुद्धा. आता सावरखेडीच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, बब्रुवान तिथे नोकरीला लागला होता, आणि चेअरमन आण्णासाहेबांचे निरोप पोचवणं हेच त्याचं मुख्य काम होतं. दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं, विहिरींचे तळ उघडे पडले होते, उसाचं टिपरू औषधालाही मिळत नव्हतं. पण कारखाना झाला म्हणजे झाला. परवा त्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडायची होती आणि त्या मोळीपुरता ऊस परगावाहून मागवला होता.

"कर्णे लावायचं मला आधीच सांगितलंय," पिराजी म्हणाला. "मशीन त्येच्यासंगं आलीच की."

"कर्णे भाषणाला रे. वाजवायला हलगी पायजे. वेशीपासनं कारखान्यापतोर फुडं चालायचं. आण्णासाहेब म्हणले, गावात येवडं मोठं शुभकार्य व्हतंय आन् तात्यारावाच्या घरचा मान मोडायचा व्हय? तात्याराव आता थकले. मान तुजा."

त्याने नारळ काउंटरवर ठेवला, पिराजीच्या पाठीवर थाप मारली आणि सायकलवर टांग टाकून तो गेलासुद्धा. पिराजी नारळाकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. शिवीला त्याच्याकडे उत्तर तयार असे आणि ते द्यायला तो कधी मागेपुढे बघत नसे. पण हा गडी मायेने आला होता. नारळ घेऊन आला होता, मान घेऊन आला होता, आणि आपण काय मागतोय याची त्याला पुसटशीही कल्पना नव्हती. छप्पन साली, दीक्षा घेऊन आल्यावर, सावरखेडीच्या वस्तीने बसून ठरवलं होतं की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कुणाच्या दारात हलगी वाजवायची नाही. पिराजीचा बाप तात्याराव हा गावचा हलगीवाला; लग्न असो, मयत असो, जत्रा असो, तो सगळ्यांच्या पुढे आणि मांडवाच्या बाहेर. त्या दिवशी त्याने हलगी मांडीवर घेतली आणि विळ्याने तिचं कातडं उभं फाडलं. उरलेलं कडं पिराजीच्या आईने, भिमाबाईने, कोंबड्यांच्या डालग्याखाली घातलं. मग गावाने वर्षभर वस्तीला काम दिलं नव्हतं, पिठाची गिरणी बंद केली होती, विहिरीवर काटे टाकले होते. त्यात आण्णासाहेबांचं घर सगळ्यात पुढे होतं. आता त्याच घरातून मान आला होता. गावाची आठवण मोठी सोयीची, जे विसरायचं ते बरोबर विसरते आणि वर नारळ पाठवते. पिराजीला हसू आलं आणि त्या हसण्याचा त्याला रागही आला.

नाही म्हणणं सोपं होतं. त्याची जीभ त्यासाठीच घडली आहे असं भिमाबाई म्हणायची. पण आण्णासाहेब हे साधं प्रकरण नव्हतं. त्यांनी नुसती भुवई उचलली तरी मुरूमपासून उमरग्यापर्यंत एकाही मांडवावर पिराजीचा कर्णा चढला नसता. कर्ण्याचं त्याला फारसं काही नव्हतं. रेडिओ दुरुस्त करून पोट भरता येतं. पण कर्णा गेला की ठोका गेला. आणि ठोका गेला तर पिराजीजवळ स्वतःचं म्हणावं असं काय उरत होतं? काही नाही. हे त्याला दुकानात बसल्या बसल्या इतकं लख्ख कळलं की त्याने सळईचं बटण बंद केलं आणि दुपारच्या रिकाम्या बाजाराकडे बघत तो नुसता बसून राहिला.

ठोका म्हणजे काय हे तो कुणाला नीट सांगू शकला नव्हता. लोक विचारत, ह्यात गाणारा कोण? कुणी न्हाय, तो म्हणे. मग गाणं कधी लागतंय? हेच गाणं हाय. माणसं त्याच्याकडे बघून मान हलवत आणि पाय मात्र त्यांचे आधीच हलायला लागलेले असत. त्याचं मूळ बाहत्तरच्या दुष्काळात होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लाज वाटायची. तेव्हा सगळा मुलूख खडी फोडायला बसला होता. सावरखेडीच्या माळावर बायकांच्या लांबच लांब रांगा, डोक्यावर पदर, एका हातात दगड धरलेला आणि दुसऱ्या हातात हातोडी. सुरुवातीला पाटलांच्या बायका वेगळ्या, वस्तीच्या बायका वेगळ्या बसायच्या. पुढे पुढे भूक वाढली, सावली कमी झाली आणि जिथे सावली तिथे सगळ्या बसायला लागल्या. पिराजी पाट्या वाहायचा. दिवसभर तो आवाज कानात घुसायचा, शेकडो हातोड्या, हरेक आपल्या मनाने पडणारी, नुसता कालवा. पण दुपार कलली, बोलणं संपलं, सगळ्यांचे घसे कोरडे पडले की कधीतरी एक गोष्ट व्हायची. कुणी न सांगता, कुणाच्या ध्यानात न येता, त्या हातोड्या एकदम एका ठिकाणी पडायला लागायच्या. थोडाच वेळ. जमिनीतून ठोका वर यायचा, तळपायातून पोटात शिरायचा, पिराजीच्या डोक्यावरची पाटी हलकी व्हायची. मग कुणीतरी खोकायचं, एखादं पोर रडायचं आणि सगळं पुन्हा विस्कटायचं. पिराजी दिवसभर त्या क्षणाची वाट बघायचा. लोक सुकडी खाऊन जगत होते, जनावरं मरून पडत होती, आणि हा बाबा त्या माळावर चक्क सुखात होता. असलं सुख माणूस कुणाला सांगणार?

पुढे तो मुरूमला गुंडाप्पाच्या रेडिओच्या दुकानात कामाला लागला. गुंडाप्पा अर्धं कानडी बोलायचा, तोंडात सदा तंबाखू, स्वभावाने फटकळ. पहिलं वर्षभर त्याने पिराजीसाठी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. एकदा पिराजी त्याच्या समोरच त्याचा तांब्या उचलून गटागटा पाणी प्याला आणि म्हणाला, "आता काय करता, आप्पा?" गुंडाप्पा तंबाखू थुंकून म्हणाला, "भरून ठेव, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं. बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजमधून गुंडाप्पाने स्पूलचा मोठा टेपरेकॉर्डर आणला होता. तुटलेली फीत ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची हे त्यानेच शिकवलं. एक दिवस जोडताना पिराजीची चूक झाली. तुकड्याचं शेवटचं टोक त्याच तुकड्याच्या पहिल्या टोकाला जोडलं गेलं, आणि कुणाच्या तरी भजनातली टाळांची एवढीशी ओळ पुन्हा पुन्हा पुन्हा फिरायला लागली. "हुच्चा झाली मशीन," गुंडाप्पा हसून म्हणाला, वेडी झाली. पिराजी हसला नाही. खडीवरच्या त्या क्षणाला जर कुणी असं पकडून जोडलं असतं, तर तो विस्कटला नसता. एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात आला आणि मग तो गेलाच नाही. गुंडाप्पा वारला, त्याचे मुलगे सोलापुरात नोकरीला होते, त्यांनी दुकान पिराजीला चालवायला दिलं; तरी तो विचार तसाच.

शेवटी तो सावरखेडीला गेला, अंगणात दगड आणून टाकले, माइक लावला आणि भिमाबाईला म्हणाला, "माय, खडी फोड."

"डोस्कं फिरलं का तुजं?" भिमाबाई म्हणाली. "दुस्काळ सरून वर्सं लोटली. आता काय हौसंनं फोडू व्हय?"

पण ती बसली. शेजारची पुतळाबाई आली, आणखी दोघीतिघी आल्या. आधी त्या माइककडे बघून लाजल्या, पदर सावरून देवळात घंटा वाजवावी तशी एकेक हातोडी मारायला लागल्या. काही जमेना. मग पुतळाबाईने आपल्या सुनेचं गाऱ्हाणं काढलं, बाकीच्यांना माइकचा विसर पडला, गाऱ्हाणं रंगलं, संपलं, आणि त्या सगळ्या गप्प झाल्यावर हात तेवढे चालू राहिले. पिराजीने श्वास धरला. तो क्षण आला होता. त्याने नंतर तो हातभर फितीचा तुकडा कापला, त्याचं कडं करून मशीनवर फिरवलं आणि त्यावर आणखी आवाज चढवले. पिठाच्या गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा असतो, त्याची ती पुकपुक घेतली. आणि ॲम्प्लिफायरची घरघर घेतली. ही घरघर म्हणजे दुरुस्तीवाल्याचा जन्माचा वैरी. गिऱ्हाईक त्याच्यावरूनच भांडतं. पिराजीने तिला घालवलं नाही, उलट वायर मुद्दाम सैल करून तिला वाढवलं, ठोक्याच्या खाली अंथरलं. मग दोन कॅसेट मशिनी शेजारी शेजारी ठेवून, एकीची कॅसेट संपत आली की दुसरी तिच्या ठोक्यावर ठोका ठेवून अलगद सुरू करायची, असा सराव केला. बाजार दुपारी झोपायचा तेव्हा हा दोन मशिनींमध्ये मान घालून बसायचा. शेजारचा कापडवाला म्हणायचा की पिराजीला भानामती झाली आहे.

लग्नांत तो आधी रीतसर सिनेमातली गाणी लावायचा आणि दोन गाण्यांच्या मध्ये हळूच ठोका सोडायचा. अणदूरच्या एका वरातीत नवरदेवाचा घोडा पुढे सरकेचना, कारण पुढची माणसं नाचता नाचता जागची हलेनात. मुलीचा मामा येऊन पिराजीला मारायला धावला आणि जवळ आल्यावर त्याचाच खांदा उडायला लागला. मग लोक आपणहून मागायला लागले. तुळजापूरपासून उमरग्यापर्यंत पोरं म्हणायची, पिराजीचा ठोका असंल तरच नाचू. सोलापूरचा एक कॅसेटवाला शोधत आला. म्हणाला, ह्याच्यावर एखाद्या बाईचा आवाज चढवू, थोडी ढोलकी घालू, मग बघ कसा खपतो. पिराजी म्हणाला, न्हाय. बाई न्हाय तर निदान नाव घाल कुणाचं तरी, देवाचं घाल. पिराजी म्हणाला, देव बी न्हाय. माणसांच्या पोटात ज्याला त्याला आपापलं काहीतरी असतं, त्याच्यावर दुसऱ्याचं गाणं कशाला चढवायचं? कॅसेटवाला गेला. अशा वेळी पिराजीला फार बरं वाटायचं. आयुष्यात आपण कुणाला तरी सरळ नाही म्हणू शकलो आणि आभाळ कोसळलं नाही, हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने कळत होतं.

आभाळ कोसळलं ते जयंतीच्या दिवशी, आणि घरातच. सावरखेडीच्या मिरवणुकीत त्याने पहिल्यांदा ठोका सबंध लावला, मध्ये एकही गाणं न घालता. वस्ती आधी गोंधळली. मग पोरं, मग बायका, मग दमेकरी म्हातारेसुद्धा त्यात शिरले. पिराजीला वाटलं, आता बापाकडे बघावं. तात्याराव पुढे उभा होता, निळा झेंडा धरून, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन तो मशीन ठेवलेल्या बैलगाडीजवळ आला आणि त्याने बॅटरीची वायर उपटली.

"हे म्या फाडून टाकलं व्हतं," तो म्हणाला. "तू मशिनीत घालून माघारी आणलंस."

"आबा, ही हलगी न्हाय. खडी हाय. मायला इचारा."

"मला शिकवतो व्हय? माज्या हाताला कळत न्हाय?"

त्यानंतर बाप त्याच्याशी बोलला नव्हता. पिराजी त्या दिवशी तणतणत मुरूमला आला होता. म्हातारा बहिरा झाला, त्याने स्वतःला सांगितलं. मग त्याने ठोका लावला आणि बापाच्या कानाने ऐकून बघितला. दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये तो बारीकसा दुहेरी टिपका होता. तो हलगीचाच होता. या बायकांनी नांदायला आल्यापासून छप्पन सालापर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला तात्यारावाची हलगी ऐकली होती. मन रिकामं झाल्यावर त्यांच्या हातांनी दुसरं काय वाजवलं असतं? म्हणजे ज्याला तो आपला म्हणत होता, कुणाचाच नसलेला म्हणत होता, तो बापाचा होता, आणि बापाने तर तो टाकला होता. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नाही. फीत कापून तो टिपका काढता आला असता. ब्लेडसुद्धा त्याने हातात घेतलं होतं. मग त्याने ते ठेवून दिलं. का काढायचा? कुणाच्या भीतीने? आणि आता हा नारळ. बाप म्हणतो ही हलगी आहे, टाक. गाव म्हणतं ही हलगी नव्हे, खरी आण. जो ठोका त्याने ऐकला होता तो दोघांनाही ऐकू येत नव्हता, आणि तो दोघांनाही ऐकवल्याशिवाय आता त्याला चैन पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कर्णे घेऊन सावरखेडीला गेला, कारखान्यावर तारा ओढल्या आणि दुपारी घरी आला. तात्याराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. भिमाबाईने भाकरी वाढली.

"बब्रुवान हितं बी आल्ता," ती म्हणाली. "नारळ घिऊन."

"मग?"

"मग काय. तुज्या आबानं त्यो उंबऱ्याभाईर ठिवला. कुत्र्यानं फिरवला दिसभर."

"त्याला म्हनाव," तात्याराव भिंतीला म्हणाला, "वाजवायची आसंल तर वाजव. पर मग ह्या घरात पाय ठिवू नको."

"म्या हलगी वाजवणार न्हाय," पिराजी म्हणाला. "ठोका लावणार हाय. सबंध. खुर्चीवर बसून."

"ती बी हलगीच."

पिराजीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. एवढे दिवस गिळलेलं आता बाहेर येत होतं आणि त्याने ते अडवलं नाही. "व्हय, आबा. हलगीच हाय. तुमचं खरं हाय. तुमची हलगी ऐकून ऐकून ह्या बायांच्या हातात ती बसली. तुमी कातडं फाडलं, पर ह्यांच्या हातातली कशी फाडणार? आन् का फाडायची? ह्यांनी ती कुणाच्या वेशीपुढं न्हाय वाजवली. कुणाला मुजरा घालाया न्हाय वाजवली. दुस्काळात, उपाशीपोटी, आपली आपुन वाजवली. आन् पाटलांच्या बायांनी बी ह्यांच्या ठोक्यावर हातुडी मारली, तुमाला ठावं न्हाय, म्या बघितलंय. ती टाकायची नसती, आबा. टाकायचं काय व्हतं ते तुमी तवाच टाकलं."

भिमाबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "माज्या हातुडीला कुणी नारळ दिला न्हाय, येवडं मातूर खरं." बाजेवरची पाठ तशीच होती. पिराजी हात धुऊन निघाला. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि मन मोकळं वगैरे काही झालं नव्हतं. आता उद्या माघार घेतली तर आपलं तोंड आपल्यालाच दाखवता येणार नाही, एवढंच त्याला समजत होतं.

मोळीच्या दिवशी माळावर ऊन रणरणत होतं. मांडवात पाहुणे, पाण्याच्या टँकरभोवती गर्दी, आणि झेंडूच्या माळा घातलेली परगावची मोळी एका बैलगाडीत, नवरीसारखी नटवलेली. पिराजीने व्यासपीठाच्या बाजूला टेबल मांडलं, त्यावर दोन्ही मशिनी ठेवल्या आणि मांडवातल्या दोन खुर्च्या उचलून आणल्या, एक बसायला, एक वायरी ठेवायला. आण्णासाहेबांनी शेजारच्या गावाहून हलगी मागवली होती. ती आणणारा सिदू मांडवामागे पाचटाच्या जाळावर कातडं तापवत उकिडवा बसला होता. बब्रुवान घाम पुसत आला.

"बसलास काय? वेशीकडं चल. समदे थांबल्यात."

"म्या हितनंच वाजवतो," पिराजी म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

माळावरच्या सगळ्या कर्ण्यांतून ठोका सुटला. वेशीवरची माणसं आधी थबकली, मग त्यांचे पाय उचलले गेले. गाडी हलली, बैलांच्या माना हलल्या, आणि अख्खी मिरवणूक कुणी पुढे नसताना आपोआप कारखान्याकडे चालू लागली. पिराजी खुर्चीत टेकून बसला होता. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींना त्याची काही हरकत नव्हती. मिरवणूक मांडवाशी आली, मोळी चौघांनी खांद्यावर घेतली, आणि लाइट गेली.

एवढ्या माणसांत असा शुकशुकाट पिराजीने कधी ऐकला नव्हता. आण्णासाहेबांनी मागे बघितलं, सिदूजवळची हलगी स्वतःच्या हाताने घेतली आणि ते टेबलाशी आले. उंच, धिप्पाड माणूस; आवाज मात्र मऊ.

"मशिनीचं असंच असतं, पिराजी," ते म्हणाले. "ऊठ. घे ही हातात."

तापलेल्या कातड्याची ऊब तोंडावर येत होती. खोटं कशाला बोला, त्याच्या बोटांना ती हवीशी वाटली. बोटांनी मांडीवर एक टिपका टाकलासुद्धा. त्याने मूठ वळली.

"लाइट यिऊ द्या," तो म्हणाला.

"मुहूर्त चाललाय."

"जाऊ द्या."

मांडवात कुजबूज झाली. आण्णासाहेब अजूनही हसत होते, पण आता फक्त ओठांनी. "तुज्या घराण्याचा मान म्हणून मी स्वतः देतोय. तुज्या बापानं गावाला कधी न्हाय म्हणलं नव्हतं."

"म्हणलं व्हतं."

गर्दी बाजूला झाली. तात्याराव काठी टेकत आला होता, धुतलेला सदरा, पायांत वहाणा. तो टेबलापर्यंत आला आणि मान वर करून आण्णासाहेबांकडे बघत उभा राहिला.

"छप्पन साली म्हणलं व्हतं," तो म्हणाला. "तवा काय तुमी ल्हान नव्हता, आण्णासाहेब."

आण्णासाहेबांनी वळून सिदूसमोर हलगी धरली. "तू वाजव रे." सिदूने हलगीकडे बघितलं, तात्यारावाकडे बघितलं, आणि दोन्ही हात मागे घेतले. "हात भाजलाय, मालक," तो म्हणाला.

पिराजीने दुसऱ्या खुर्चीवरच्या वायरी खाली टाकल्या. बाप तिच्यावर बसला. त्याला खुर्चीवर बसलेलं गावाने कधी पाहिलं नसावं. पिराजीनेही पाहिलं नव्हतं. ऊन वाढत गेलं. मोळी धरणाऱ्यांनी खांदे बदलले, मग पुन्हा बदलले. गुरुजींनी मुहूर्त टळल्याचं सांगितलं आणि जरा वेळाने दुसरा शोधून काढला. एक पाहुणे जांभई देत बूट काढून बसले. आण्णासाहेब हातात हलगी घेऊन उभे होते. ती कुणाला द्यावी हे त्यांना सुचत नव्हतं, आणि खाली ठेवणंही बरं दिसलं नसतं. पिराजी त्या शांततेत बसून होता. उद्यापासून आपले कर्णे कुठे चढतील, कुठे नाही, याचा त्याने एकदा विचार केला आणि तो तिथेच सोडून दिला. सबंध गाव थांबलं होतं. त्याच्यासाठी आणि त्याच्या बापासाठी थांबलं होतं, आणि थांबता येतं हे गावालाही आजच कळत होतं.

मांडवातले बल्ब लागले तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. पिराजीचा हात मशीनकडे गेला.

"कुठलं बटन?" तात्यारावाने विचारलं.

पिराजीने हात मागे घेतला आणि दाखवलं. तात्यारावाने आपलं जाड पेरांचं बोट त्याच्यावर ठेवलं. लगेच दाबलं नाही. त्याने आधी मोळीकडे बघितलं, मग हलगी धरून उभ्या असलेल्या चेअरमनकडे.

"व्हा फुडं," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.